डेस्मंड घरचा झाला

"हा पाहुणा माझा. बीरिमाकाला त्याचा वाससुद्धा लागू द्यायचा नाही," तेकाईने बुधवारी सकाळी, विमान आभाळात दिसायच्याही आधी, बायकोला सांगून टाकलं.

तेरेसिया नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही. "मागच्या पाहुण्याच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

"मागच्या वेळी नुसतं बोललो होतो. या वेळी डोकं चालवलंय."

तेकाईने डोकं चालवलं की तेरेसिया आधी चुलीवरचं भांडं खाली उतरवते. तिने ते उतरवलं आणि मग विचारलं, "काय केलंस?"

"अजून केलं नाही. संध्याकाळी बघ."

या घाईला कारण होतं. मासेमारीच्या लॉजवरच्या म्हाताऱ्या मुख्य गाइडचे डोळे गेले होते. आता गाइडचं काम ते काय? गुडघाभर पाण्यात पाहुण्याच्या शेजारी उभं राहायचं आणि पांढऱ्या वाळूवर पांढरा मासा कुठे आहे ते दाखवायचं. म्हाताऱ्याने परवा एका पाहुण्याला मासा म्हणून दगड दाखवला. पाहुण्याने सकाळभर त्या दगडापुढे गळ टाकला. दगड हुशार होता, एकदाही फसला नाही. म्हातारा मात्र घरी बसला.

मग लॉजची मॅनेजर नेई आकेनेता (आमच्याकडे बाईला मानाने नेई म्हणतात) हिने सगळ्या गाइडांना एका ओळीत उभं केलं. "बुधवारी मालकांचे जुने मित्र येतायत. दातांचे डॉक्टर होते. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ते मानेआबात सगळ्या गावासमोर ज्याचं नाव घेतील, तो मुख्य गाइड. मालकांनी तसं मला फोनवर सांगितलंय."

मुख्य गाइडला लॉजचा ट्रक घरी न्यायला मिळतो. पगाराचं तेकाईला तेवढं नव्हतं, पण ट्रकने त्याची झोप उडवली होती. तेकाई सासरी राहणारा जावई. त्याची सासू नेई तिनाई दर रविवारी भर उन्हातून चर्चला चालत जायची आणि जाताना वाटेतल्या प्रत्येक घरापाशी थांबून सांगायची, "आमच्या जावयाला चार चाकं परवडत नाहीत, पण स्वभावाने गरीब आहे हो." स्वभावाने गरीब म्हणवून घेऊन घेऊन तेकाईचे कान किटले होते. एकदा, फक्त एकदा, सासूबाईंना ट्रकमध्ये पुढच्या सीटवर बसवून त्या सगळ्या घरांवरून हॉर्न वाजवत न्यायचं, एवढीच त्याची आयुष्याकडे मागणी होती.

अडचण अशी की लॉजवर गाइडांची पाळी असते. आज एक, उद्या दुसरा. म्हणजे पाहुणा निम्मे दिवस बीरिमाकाच्या तावडीत जाणार. बीरिमाका तेकाईचा लांबचा मावसभाऊ. मासा दोघांनाही सारखाच दिसायचा, पण बीरिमाकाला बोलता यायचं. मासा मिळाला नाही तरी त्याचे पाहुणे हसत परत यायचे, आणि तेकाईचे पाहुणे चार मासे धरूनही नुसते दमून यायचे.

त्या संध्याकाळी मानेआबात, म्हणजे गावाच्या मोठ्या सभाघरात, स्वागताचं जेवण झालं. गावातली झाडून सगळी माणसं केवड्याच्या चटयांवर मांडी घालून बसली होती. पाहुणा डेस्मंड मधोमध, डोक्यावर फुलांचा मुकुट, पुढ्यात भाजलेला डुकराचा पाय. उंच, लाजाळू म्हातारा. बायको दोन पावसाळ्यांमागे गेलेली. कुणी काही दिलं की आधी उठून उभा राहायचा आणि मग आभार मानायचा, त्यामुळे जेवण फार लांबलं.

तेकाई उठला. त्याने गावातल्या वडीलधाऱ्यांकडे पाहून वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मला भाऊ नाही. या माणसालाही नाही, मी विचारून घेतलंय. आजपासून हा माझा भाऊ. माझं घर ते त्याचं घर, माझी माणसं ती त्याची माणसं."

मग वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. एका म्हातारीने डेस्मंडच्या खांद्यांना खोबरेल चोळलं, मुलींनी त्याच्यावर पावडर उडवली आणि तेकाईने त्याला हाताला धरून आपल्या चटईवर आणून बसवलं. आता सख्ख्या भावाला सोडून कोण दुसऱ्याच्या होडीत जातो? आकेनेतानेही ओळखलं. "मग पाळी कसली लावायची," असं म्हणून तिने डेस्मंडचा सगळा आठवडा तेकाईकडे दिला. तेकाईने बीरिमाकाकडे बघितलं. बीरिमाका सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता. तेव्हाच तेकाईला शंका यायला हवी होती.

डेस्मंडचे डोळे मात्र खरंच भरून आले होते. "भाऊ म्हणून मी काय करायचं असतं?" त्याने हळूच विचारलं.

"काही नाही रे," तेकाई ऐटीत म्हणाला. "आपल्या माणसाने 'बुबूती' म्हणून काही मागितलं की नाही म्हणायचं नाही. बास, एवढीच रीत."

हे वाक्य आपल्या तोंडून का गेलं, हे तेकाईला आजही सांगता येत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

आमच्या बेटावर बुबूती म्हणजे चेष्टा नाही. नात्यातल्या माणसाने तो शब्द उच्चारून मागितलं की द्यावंच लागतं. नाही म्हणणारा उद्या मेला तरी लोक त्याच्या पोरांना 'त्या नाही म्हणणाऱ्याची पोरं' म्हणूनच ओळखतात. म्हणून शहाणी माणसं चांगली वस्तू घरात झाकून ठेवतात आणि बाहेर जुनी वापरतात. डेस्मंडचं सगळं सामान नवं होतं आणि सगळं अंगावर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघायच्या वेळी नेई तिनाई किनाऱ्यावर येऊन उभी राहिली. मानेवर पडदा लोंबणाऱ्या डेस्मंडच्या टोपीकडे ती बराच वेळ बघत होती.

"हा माझ्या जावयाचा भाऊ. मग माझा कोण?" तिने तेकाईला विचारलं.

"जावईच की, सासूबाई."

"तरी म्हटलं. जावई, चर्चच्या वाटेवर ऊन फार असतं हो. बुबूती, ही टोपी."

डेस्मंडने तेकाईकडे पाहिलं. तेकाईने मान डोलावली. एका टोपीने काय होतंय, असं त्याला वाटलं. शिवाय सासूबाईंनी प्रथमच त्याच्या बाजूच्या कुणाला तरी प्रेमाने जावई म्हटलं होतं.

टोपी गेली ही बातमी होडीच्या आधी पलीकडच्या किनाऱ्याला पोचली. दुपारी ते खाडीतून परत आले तेव्हा तेकाईचे काका वाट बघत बसले होते. ते चर्चमध्ये गाणाऱ्यांना ताल देतात आणि ताल पायाने देतात, म्हणून त्यांना डेस्मंडचे पाण्यात चालायचे जाड तळाचे बूट हवे होते. मग आत्या आली. तिला गळाची ती भगवी दोरी हवी होती. संध्याकाळी त्या दोरीवर आत्याच्या घरचे सगळे कपडे वाळत पडलेले दिसले, आणि दोरी इतकी चांगली की आत्याने शेजारणीचेही कपडे मागून आणून टाकले होते. माशांना भुलवायच्या पिसांच्या खोट्या माश्यांची डबी चुलतबहिणींनी नेली. शुक्रवारच्या नाचात प्रत्येकीच्या केसांत एकेक माशी होती, आणि त्यातल्या एका माशीच्या गळात नाचणाऱ्या जोडीदाराचा कान अडकला.

डेस्मंड दातांचा डॉक्टर आहे हे कळल्यावर तर लॉजच्या पायरीवर रांग लागली. चुलत सासरा जबडा धरून म्हणाला, "बुबूती, ही दाढ काढ." सगळ्या आठवड्यात डेस्मंडकडून काही नेण्याऐवजी काही ठेवून जाणारा तो एकटाच माणूस.

तेकाईने उरलेलं सामान मोजलं. मासेमारीला आलेल्या माणसापाशी मासेमारीचं सामानच उरणार नाही, तर तो शेवटी मानेआबात काय बोलेल?

"राग नाही ना आला?" त्याने चाचरत विचारलं.

"राग?" डेस्मंड म्हणाला. "बायको गेल्यापासून माझ्याकडे कुणी काही मागितलंच नव्हतं, तेकाई. घर वस्तूंनी भरलंय आणि मागायला कुणी नाही. तुला कळणार नाही ते." मग जरा थांबून त्याने विचारलं, "उद्या कोण येणार आहे?"

उद्या मेहुणा आला, तियाओन. त्याच्या मोटारसायकलीचा चष्मा फुटला होता, म्हणजे त्याच्या डोळ्यावरचा. त्याने डेस्मंडचा काळा चष्मा नेला. आता हा चष्मा साधा नव्हे. तो घातला की पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि तळाचा मासा दिसतो. शनिवारी सकाळभर डेस्मंड उघड्या डोळ्यांनी उथळ पाण्यात उभा राहिला आणि तेकाई ओरडून ओरडून सांगत राहिला, "डावीकडे, हातभर पुढे, तुझ्या पायाशी, अरे तुझ्या पायावर!" एकही मासा लागला नाही.

शेवटी तेकाई तियाओनच्या घरी गेला आणि बुबूती म्हणून चष्मा परत मागितला. तियाओनने तत्काळ दिला. नाही कसं म्हणणार? आणि चष्मा तेकाईच्या हातात पडतो न पडतो तोच म्हणाला, "दाजी, बुबूती, तुमची सायकल."

असं एकेक करून तेकाईने बूट आणले, दोरी आणली, थोड्या माश्या आणल्या. बुटांपायी त्याचं माशाचं जाळं गेलं. दोरीपायी अंगणातला तरणा डुक्कर गेला, कारण आत्याला कपडे वाळत घालायचे राहिले तर निदान मन रमवायला काहीतरी हवं होतं. भीड भिकेची बहीण म्हणतात, पण आमच्याकडे त्या दोघी एकाच घरात राहतात.

तेरेसियाने रिकाम्या अंगणाकडे पाहिलं. "चुलीवरचं भांडं आहे अजून," ती म्हणाली. "तेवढं कुणाला सांगू नकोस."

रविवारी प्रार्थनेनंतर मात्र नशीब फळफळलं. टोपी सोडून सगळं सामान अंगावर घालून डेस्मंड खाडीच्या तोंडाशी, उथळ पाणी जिथे निळ्याला मिळतं तिथे उभा होता. आणि तिथून उरुआ आला, आमच्या पाण्यातला सगळ्यांत दांडगा मासा. काळपट पाठीचा, डोकं म्हणजे उखळ, लाटेच्या आत सरळ त्यांच्याकडे येणारा. तेकाई नुसतं पुटपुटला, "टाक." डेस्मंडने टाकला. पुढे बराच वेळ दोरी किंचाळत राहिली, डेस्मंड पडला, उठला, पुन्हा पडला, आणि शेवटी दोघांनी मिळून शेपटी धरली तेव्हा मासा डेस्मंडच्या कमरेपेक्षा जाड भरला. म्हातारा पाण्यात बसून लहान पोरासारखा हसत होता. तेकाईच्या कानात ट्रकचा हॉर्न वाजला.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काय सुंदर मासा आहे हो, जावई."

नेई तिनाई. डोक्यावर पडद्याची टोपी, हातात शिंपल्यांची टोपली. तिच्यामागे शिंपल्या वेचणारं अर्धं गाव.

"सासूबाई, हा सोडायचा असतो," तेकाई घाईने म्हणाला. "उथळ पाण्यातला मासा धरायचा, फोटो काढायचा आणि सोडायचा. लॉजचा नियम आहे. मारला तर माझी नोकरी जाईल."

"एवढा मासा सोडायचा?" तिने मागच्या बायकांकडे पाहिलं. "धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा आणि जा म्हणायचं? तो काय विमानाने आलाय?" मग डेस्मंडकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "जावई, बुबूती, हा मासा."

"तुमचाच, आई," डेस्मंड म्हणाला.

तेकाई कात्रीत सापडला. मासा द्यावा तर नोकरी जाते, न द्यावा तर भावाची अब्रू जाते. मासा त्याच्या हातात दमत चालला होता. शेवटी त्याने ते केलं जे आमच्याकडे कुठल्याच जावयाने केलं नसेल. सगळ्या गावादेखत तो सासूला म्हणाला, "सासूबाई, बुबूती. हा मासा मला द्या."

नेई तिनाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"घे," ती म्हणाली. तेकाईने हात सोडले आणि उरुआ शेपटीचं पाणी सगळ्यांच्या तोंडावर उडवून गेला. "आता माझी बुबूती ऐक. बाहेरच्या खोल पाण्यातला मासा खायला चालतो ना? उद्या आम्हाला तिकडे ने. मी आणि दोनचार जणी."

दोनचार जणींना आमच्याकडे हिशेब नसतो. सोमवारी पहाटे होडीत नेई तिनाई, तिच्या बहिणी, आत्या, चुलत सासऱ्याची सून, माडीच्या बाटल्या, भाजलेला नीरफणस आणि एक कोंबडी, ती का आली हे तिलाच ठाऊक, असे सगळे बसले होते. पाणी काठाला लागलं होतं. खास पाहुण्यासाठी बसवलेल्या, गोल फिरणाऱ्या खुर्चीवर आत्या बसली होती आणि गोल फिरत होती.

"साहेबाने कुठे बसायचं?" तेकाईने कळवळून विचारलं.

"बुबूती म्हणून घेतलीय खुर्ची," आत्या फिरता फिरता म्हणाली.

डेस्मंड किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात गळाची दांडी धरून उभा होता. "तुम्ही जा," तो म्हणाला. "मला इथेही छान वाटतंय." आणि त्याच वेळी, जसं काही सहजच, बाजूने एक होडी संथपणे आली. तिच्यात बीरिमाका एकटाच होता.

"जागा आहे," बीरिमाका म्हणाला. "एवढ्या लांबून आलेल्या माणसाला किनाऱ्यावर ठेवायचं म्हणजे काय. तेकाई, तुझी हरकत नाही ना?"

सासू, तिच्या बहिणी आणि कोंबडी, सगळे तेकाईकडे बघत होते. "माझी कसली हरकत," तेकाई म्हणाला.

दिवसभर त्याच्या होडीत आरडाओरडा चालला. नेई तिनाईने नुसत्या हाताच्या दोरीने एकामागून एक ट्यूना ओढले आणि प्रत्येक ट्यूनाबरोबर 'हा मी सोडत नाही बरं का' असं म्हटलं. लांबवर, जिथे पक्षी पाण्यावर झेप घेत होते तिथे, बीरिमाकाची होडी दिसत होती. दोघंही हसत होते. एकदा तेकाईला वाटलं की बीरिमाकाने बोलता बोलता डेस्मंडच्या खांद्यावर हात ठेवला. पण उन्हात नीट दिसत नव्हतं, आणि चांगला चष्मा तर डेस्मंडच्या डोळ्यावर होता.

"एका दिवसाने काय होतंय," रात्री त्याने तेरेसियाला समजावलं. "भाऊ मी आहे. उरुआ माझ्याबरोबर मिळालाय."

तेरेसियाने शेवटचं भांडं उशाशी घेतलं आणि ती झोपली.

मंगळवारी संध्याकाळी मानेआबा भरून गेला. तेकाईने केसांना तेल लावलं होतं. नेई तिनाईने आपल्या चटईवर सरकून त्याला शेजारी जागा केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण अशी जागा तिने कधी केली नव्हती. "ट्रकमध्ये पुढे मी बसणार," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

आकेनेताने हात वर केला. "आता साहेबांनी नाव सांगावं."

डेस्मंड उठून उभा राहिला. आधी वडीलधाऱ्यांकडे बघून त्याने बरोब्बर वाकून नमस्कार केला. लोकांत कौतुकाची कुजबुज झाली.

"मी इथे एकटा आलो होतो," तो म्हणाला. "मला भाऊ मिळाला. आई मिळाली, आत्या मिळाली. हा माझा भाऊ तेकाई, याच्यासारखा गाइड मी पाहिला नाही आणि याच्यासारखा माणूसही नाही."

तेकाईने मान खाली घातली. आता नाव येणार, आणि आपण चकित झाल्यासारखं दिसायचं, असं त्याने ठरवलं.

"याने मला पहिल्याच रात्री शिकवलं, की आपल्या माणसाने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. मी ते शिकलो. काल होडीत माझ्या भावाच्या मावसभावाने, म्हणजे माझ्याच मावसभावाने, बुबूती म्हणून माझ्याकडे एक गोष्ट मागितली. मला विचार करावा लागला नाही. माझ्या भावाची मान खाली जाईल असं मी काही करणार नाही. मुख्य गाइड, बीरिमाका."

तेकाईला चकित झाल्यासारखं दिसायचे काही कष्ट पडले नाहीत. वडीलधारे एकमेकांकडे बघून माना डोलावत होते. परका माणूस असून रीत कशी पाळली बघा, असं सगळे म्हणत होते आणि टाळ्या थांबत नव्हत्या. तेकाईनेही वाजवल्या. बीरिमाका डोळे पुसत होता, आणि ते खरेच ओले होते, हे सगळ्यांत वाईट.

नेई तिनाईने चटईवरची जागा परत घेतली. "डेस्मंड," ती लांबूनच म्हणाली, "जावई असावा तर असा."

लोक पांगल्यावर डेस्मंड तेकाईला शोधत बाहेर आला. तेकाई माडाच्या बुंध्याला टेकून बसला होता.

"मी बरोबर केलं ना, भाऊ?"

"बरोबर केलंस," तेकाई म्हणाला. मग त्याच्याने राहवेना. "मला हवं होतं रे ते काम. सगळ्या बेटाला माहीत होतं."

डेस्मंडचा चेहरा पडला. तो खरोखरच पडला. तो खाली वाळूत बसला. "मग मागायचं होतंस," तो म्हणाला. "सगळ्यांनी मागितलं. सासूबाईंनी, आत्याने, काकांनी, बीरिमाकाने. तू एकट्याने आठवडाभर माझ्याकडे काहीसुद्धा मागितलं नाहीस. मला वाटलं, याच्याकडे सगळं असेल."

"अजून माग ना," डेस्मंड काकुळतीने म्हणाला. "विमान उद्या आहे. काहीही माग. बुबूती म्हण आणि माग."

तेकाईने त्याच्याकडे पाहिलं. टोपी नव्हती, चष्मा पुन्हा तियाओनकडे गेला होता, बूट पुन्हा काकांच्या पायात ताल देत होते. अंगावर फक्त एक लुंगी होती, आणि तीही तेकाईचीच होती.